सामाईक मत्स्यालयात कोरिडोरसची पिल्ले कशी वाढवावीत

घरच्या मत्स्यालयात गप्पी, टेट्रा, मॉली असे वरच्या आणि मधल्या थरात फिरणारे मासे असतात आणि तळाची वाळू मिशांनी चाचपत हिंडणारे चार-सहा कोरिडोरस असतात. ही मांडणी आता इतकी रुळली आहे की घरच्या टाकीत कोरिडोरसची अंडी दिसणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एखाद्या सकाळी काचेवर, फिल्टरच्या नळीवर किंवा रुंद पानाच्या खालच्या बाजूला मोहरीच्या दाण्याएवढी, फिकट रंगाची, चिकट अंडी विखुरलेली आढळतात आणि घरातील सगळे जण टाकीभोवती जमतात. संध्याकाळपर्यंत त्यांतील बरीचशी नाहीशी होतात, उरलेल्यांपैकी काही पांढरी पडतात, आणि ज्यांतून पिल्ले बाहेर येतात ती पिल्लेही बऱ्याचदा पंधरवड्याच्या आत एकेक करून मरतात. या सगळ्याचा दोष टाकीतील इतर माशांना दिला जातो. अंड्यांच्या बाबतीत तो दोष खरा आहे. परंतु वेगळ्या जागी सुरक्षित ठेवलेली पिल्लेही जेव्हा मरतात, तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा त्यांच्या पोटाखालच्या तळात असते. ही एक गोष्ट नीट उमगली की पुढची सगळी व्यवस्था कशी असावी हे आपोआप ठरत जाते.

कोरिडोरस हे दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याचे लहान कॅटफिश आहेत. आपल्याकडच्या मागूर किंवा शिंगाळ्याप्रमाणे त्यांनाही मिशा असतात, मात्र त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना हाडांसारख्या कठीण पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात आणि पाठीवरच्या व छातीवरच्या परांना टोकदार काटा असतो. आपल्या बाजारात ब्राँझ कोरिडोरस आणि त्याचाच लाल डोळ्यांचा अल्बिनो प्रकार सर्वांत सहज मिळतो. पेपर्ड, पांडा आणि स्टर्बाय हेही मिळतात. पेपर्ड कोरिडोरसचा इतिहास जुना आहे. चार्ल्स डार्विन याने बीगल जहाजावरील सफरीत गोळा केलेल्या माशांमध्ये तो होता, निसर्ग-अभ्यासक लिओनार्ड जेनिन्स यांनी १८४२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि १८७८च्या सुमारास पॅरिसमध्ये मत्स्यपालक कार्बोनिए यांनी त्याची बंदिस्त पाण्यात पैदासही करून दाखवली. शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये कोरिडोरस या मोठ्या प्रजातीची अनेक प्रजातींत विभागणी केली असल्यामुळे ब्राँझ, पेपर्ड आणि पांडा यांची शास्त्रीय नावे आता बदलली आहेत, परंतु दुकानात आणि घरात त्यांना कोरिडोरसच म्हणतात, म्हणून या लेखातही तेच नाव ठेवले आहे.

या माशांची एक सवय पिल्लांच्या संगोपनाशी थेट निगडित आहे. मोठा कोरिडोरस मधूनच सुळकन वर येतो, पृष्ठभागावरून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. आपला मागूरही हवेतून प्राणवायू घेतो, परंतु त्यासाठी त्याच्या कल्ल्यांच्या वर वेगळे इंद्रिय असते. कोरिडोरस मात्र गिळलेल्या हवेतील प्राणवायू आतड्याच्या मागच्या भागातून शोषून घेतो. त्यामुळे प्राणवायू कमी झालेल्या पाण्यातही मोठा मासा तग धरतो आणि पाहणाऱ्याचा असा समज होतो की पाणी उत्तम आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे आतडे पुरते घडलेलेच नसते. ते तळाशी जिथे बसलेले असते तिथल्या पाण्यावरच त्याचा श्वास अवलंबून असतो, आणि संपूर्ण टाकीत सर्वांत वाईट पाणी तळाला चिकटलेल्या पातळ थरातच असते. मोठे मासे धडधाकट दिसतात म्हणून पिल्लांनाही ते पाणी मानवेल, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

अंडी घालण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. मादी नरापेक्षा मोठी असते आणि वरून पाहिले असता रुंद दिसते. पावसाळ्यात नद्यांना नवे, गार पाणी येते तेव्हा हे मासे विणीला येतात, आणि घरच्या टाकीतही तिसरा हिस्सा पाणी बदलून दोन-तीन अंशांनी गार पाणी घातले की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी नर मादीच्या मागे धावताना दिसतात. मग एक नर मादीच्या तोंडासमोर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाला तोंड लावते आणि दोघे काही क्षण तसेच स्थिर राहतात. त्याच वेळी मादी आपले पोटाखालचे दोन पर जोडून त्यांची ओंजळ करते व तीत एक ते चार अंडी सोडते. ब्राँझ कोरिडोरसवर जपानी संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मादी नराचे शुक्राणू तोंडावाटे गिळते, ते तिच्या आतड्यातून अतिशय वेगाने जातात आणि अंड्यांपाशीच बाहेर पडतात. उघड्या पाण्यात शुक्राणू वाहून जाण्याचा धोका यामुळे टळतो, आणि फिल्टरचा प्रवाह जोरात चालू असलेल्या सामाईक टाकीतही पुष्कळ अंडी फळतात. त्यानंतर मादी जागा निवडते, ती तोंडाने साफ करते आणि अंडी चिकटवते. हा क्रम काही तास चालतो. ब्राँझ किंवा पेपर्डची मादी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालू शकते. पांडाची अंडी त्या मानाने बरीच कमी असतात.

या माशांना अंड्यांची राखण करण्याची उपजत बुद्धी नसते. विण संपली की आईबापच अंडी शोधून खाऊ लागतात आणि टेट्रा व गप्पी त्यांना साथ देतात. म्हणून अंडी वाचवायची असतील तर त्याच दिवशी ती उचलावी लागतात, मात्र घातल्याबरोबर नव्हे. ताजे अंडे मऊ असते आणि बोटाच्या दाबाने फुटते. दोन-तीन तासांनी त्याचे कवच इतके चिवट होते की काचेवर तर्जनी हलकेच घासत नेली तर अंडे बोटाला चिकटून गोल फिरत सुटते आणि फुटत नाही. बोट अंड्याच्या वरून दाबू नये, काचेला समांतर सरकवावे. पानावरची अंडी सोडवण्याचा खटाटोप न करता ते पानच खुडून घ्यावे.

येथून पुढे तीन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे काहीच न करणे. टाकीत जावा मॉस या पाणवनस्पतीचे दाट पुंजके, वाळलेल्या पानांचा थर आणि दगडांच्या फटी असतील आणि एंजलसारखे मोठ्या तोंडाचे मासे नसतील, तर दोन-चार पिल्ले आपली आपण वाढून एक दिवस अचानक समोर येतात. ज्यांना मोजक्या पिल्लांवर समाधान आहे त्यांनी ही वाट जरूर धरावी. दुसरी वाट म्हणजे अंडी नव्या, स्वतंत्र छोट्या टाकीत नेणे. पुस्तकी सल्ला बहुधा हाच असतो आणि अनुभवी मंडळींना तो साधतोही, परंतु घरी प्रथमच पिल्ले वाढवणाऱ्याला तो तितकासा हितकारक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरी वाट म्हणजे पिल्लांना मोठ्या टाकीच्याच पाण्यात, परंतु जाळीच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत वेगळे ठेवणे, म्हणजे पाणी सर्वांचे एकच आणि जागा मात्र वेगळी. या लेखाचा भर त्या वाटेवर आहे, आणि त्यामागचे कारण रसायनाचे आहे.

पाण्याचे गणित

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि न खाल्लेले अन्न कुजले तरी त्यातून अमोनियाच तयार होतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर आणि पानांवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे नवी टाकी स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. पिल्लांच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक आठवडे नेमके तेवढेच असतात, म्हणजे नव्या टाकीत ती बरोबर चुकीच्या वेळी राहायला जातात. शिवाय त्यांना दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते. समजा एका दिवसाच्या उरलेल्या अन्नातून पाच मिलिग्रॅम अमोनिया सुटला. दोन लिटरच्या डब्यात त्याचे प्रमाण लिटरला अडीच मिलिग्रॅम होते, जे पिल्लांना सहज मारू शकते. तोच अमोनिया शंभर लिटरच्या टाकीत पसरला तर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम होतो आणि तेवढा तिथले जिवाणू पाहता पाहता संपवतात. पेटी दोनच लिटरची असली तरी तिच्यातले पाणी सतत बदलत असेल, तर पिल्लांना शंभर लिटरच्या टाकीचा आधार मिळतो.

अमोनियाची घातकता पाण्याच्या पीएचवरही, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावरही, अवलंबून असते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी मुक्त अमोनिया हे रूप विषारी असते. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे मापकात तोच आकडा दिसत असताना धोका दहापट वाढलेला असतो. विंधनविहिरीचे जड पाणी वापरणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मुंबईसारख्या ठिकाणी तलावांतून येणारे पाणी मऊ असते आणि तिथे अडचण उलट्या दिशेने येते. नायट्रेट बनण्याच्या प्रक्रियेत पाणी हळूहळू आम्ल होत जाते. मऊ पाण्यात ही आम्लता शोषून घेणारे क्षार कमी असल्यामुळे भरपूर खाऊ घातल्या जाणाऱ्या टाकीचा पीएच सहाच्या खाली घसरू शकतो. तसे झाले की जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठत जातो, मात्र आम्ल पाण्यात तो निरुपद्रवी रूपात असल्याने मासे ठीक दिसतात. मग कोणी तरी एके दिवशी अर्धी टाकी रिकामी करून नळाचे पाणी भरतो, पीएच एकदम वर जातो, साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि पाणी स्वच्छ केल्यावरच पिल्ले मेली असे कोडे पडते. यावर उपाय म्हणजे थोडे थोडे पाणी वारंवार बदलणे, आणि पाणी अतिशय मऊ असेल तर फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीत बांधून ठेवणे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन हा वेगळा विषय आहे, पण तो थोडक्यात आटोपता येतो. बादलीत हवेचा पंप लावून पाणी चोवीस तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन घालवणारे औषध वापरावे. पाणी बदलताना त्याचे तापमान टाकीच्या पाण्याइतकेच असावे. गार पाणी मोठ्यांना विणीसाठी उपकारक असले तरी पिल्लांना ते सोसत नाही.

पेटी आणि अंडी

बाजारात दोन प्रकारच्या पेट्या मिळतात. एक, टाकीच्या आत लटकणारी जाळीची पेटी. ती स्वस्त असते, पण तिच्या जाळीवर शेवाळ आणि अन्नाचे कण बसून आठवड्याभरात तिची छिद्रे बुजतात आणि आतले पाणी साचते. दुसरी पेटी टाकीच्या बाहेरच्या बाजूला काचेला अडकवतात. हवेच्या पंपाचे बुडबुडे एका नळीतून वर चढताना टाकीतले पाणी सोबत ओढून पेटीत टाकतात आणि ते पाणी दुसऱ्या टोकाच्या फटींतून पुन्हा टाकीत पडते. मला ही दुसरी पेटी अधिक पसंत आहे, कारण वीज असेपर्यंत तिच्यात प्रवाह थांबत नाही आणि तळ समोरून स्पष्ट दिसतो. तिच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवरच्या फटी पिल्लांपेक्षा रुंद असतात, म्हणून तिथे चहाच्या गाळणीइतकी बारीक नायलॉनची जाळी किंवा स्पंजचा तुकडा घट्ट बसवावा. घरीच पेटी करायची असेल तर प्लॅस्टिकच्या डब्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू कापून त्यांवर तशीच जाळी मत्स्यालयाला चालणाऱ्या सिलिकॉनने चिकटवावी आणि एका बाजूपासून हवेच्या नळीने पाणी आत ढकलावे. पेटीतल्या पाण्याची खोली दहा ते पंधरा सेंटिमीटर पुरे होते.

अंडी पेटीत अशी ठेवावीत की त्यांच्यावरून पाणी हलते राहील पण ती भोवऱ्यात गरगरणार नाहीत. पंचवीस अंशांच्या आसपास तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. फळलेले अंडे दुसऱ्या दिवसापासून मातकट, तपकिरी होत जाते आणि शेवटी त्यात काळे ठिपके, म्हणजे डोळे, दिसतात. न फळलेले अंडे पांढरे पडते आणि त्यावर कापसासारखे तंतू उगवतात. ही बुरशी पांढऱ्या अंड्यावरून शेजारच्या चांगल्या अंड्यावर पसरते, म्हणून पांढरी अंडी ड्रॉपरने रोज काढून टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मिथिलिन ब्लूचे काही थेंब बुरशी रोखतात, परंतु ते औषध फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही मारते. त्यामुळे ज्या पेटीचे पाणी मोठ्या टाकीत परत जाते तिच्यात ते कधीही घालू नये. त्याऐवजी देशी बदामाचे वाळून आपोआप गळालेले तपकिरी पान धुऊन पेटीत ठेवावे. कोकणात, गोव्यात आणि शहरांतल्या आवारांतही हे झाड सर्रास आढळते. पानातून उतरणारे टॅनिन हे तुरट द्रव्य बुरशीला काही अंशी आळा घालते, आणि पुढे त्याच पानाखाली पिल्ले आडोसा घेतात व त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव टिपून खातात. रस्त्याकडेची, धुळीने व फवारणीने माखलेली पाने मात्र आणू नयेत.

पहिले पंधरा दिवस

अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पाच-सहा मिलिमीटर लांब असते आणि त्याच्या पोटाशी बलकाची पिशवी असते. दोन ते तीन दिवस ते याच शिदोरीवर जगते आणि या काळात त्याला काहीही घालू नये. घातलेले अन्न नुसते कुजते. बलक संपत आला की पिल्लू मिशांनी तळ चाचपू लागते, आणि तिथपासून दिवसातून तीन-चार वेळा, अगदी थोडे थोडे खाऊ द्यावे लागते.

सर्वांत उत्तम पहिला आहार म्हणजे आर्टेमियाची नुकतीच उबलेली पिल्ले. आर्टेमिया हा मिठागरांसारख्या अतिखारट पाण्यात राहणारा लहान जीव आहे आणि त्याची वाळवलेली अंडी डब्यात मिळतात. एक लिटर पाण्यात पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ विरघळवून, पाव चमचा अंडी टाकून, तळापासून जोरात हवा सोडून आणि उजेडात ठेवून दिले तर सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमानाला साधारण चोवीस तासांत पिल्ले निघतात. खडे मीठ याला छान चालते. मग हवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला दिवा धरावा: रिकामी टरफले वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाशी बसतात आणि जिवंत केशरी पिल्ले प्रकाशाकडे गोळा होतात. ती नळीने ओढून, बारीक सुती कापडातून गाळून, गोड्या पाण्याने एकदा धुऊन पेटीत सोडावीत. टरफले शक्यतो आत जाऊ देऊ नयेत, कारण ती पचत नाहीत. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो, तेव्हा एका वेळी संपेल एवढाच घालावा. खाऊ घालून अर्ध्या तासाने पेटीच्या मागून विजेरीचा उजेड पाडला तर पिल्लांच्या पारदर्शक पोटात केशरी ठिपका स्पष्ट दिसतो. सगळ्या पोटांत तो दिसला म्हणजे खाऊ पोहोचला, आणि दोन-चार पोटे रिकामी दिसली तर ती पिल्ले मागे पडत आहेत असे समजावे. बाहेरच्या पेटीतून निसटणारी आर्टेमिया टाकीत पडते तेव्हा तिथले टेट्रा त्या धारेखाली रांग लावून उभे राहतात, त्यामुळे काही वाया जात नाही.

ज्यांना रोज आर्टेमिया उबवणे जमत नाही त्यांनी मायक्रोवर्म पाळावेत. झाकणाच्या डब्यात ओट्सची घट्ट लापशी, चिमूटभर यीस्ट आणि कोणाकडून तरी मिळालेले जिवंत मायक्रोवर्मचे थोडेसे विरजण एवढ्यावर हे बारीक जंत वाढतात. काही दिवसांत ते डब्याच्या कडांवर चमकत्या रेषांसारखे चढतात आणि बोटाने पुसून घेता येतात. ते पाण्यात तळाशी जातात, त्यामुळे तळाशीच खाणाऱ्या या पिल्लांना ते सोयीचे पडतात. उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून घालण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. गप्पीच्या पिल्लांना तो चालून जातो, पण कोरिडोरससाठी तो टाळावा असे मला ठामपणे वाटते, कारण बलकाचा बारीक चुरा नेमका तळाशी बसतो आणि काही तासांत सडतो. नाल्यांतून गोळा होणारे जिवंत ट्युबिफेक्स जंतही पिल्लांना देऊ नयेत. दोन-तीन आठवड्यांनंतर बुडणाऱ्या गोळ्यांची पूड, चिरलेले गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) असा आहार सुरू करता येतो.

आता तळाविषयी, कारण पिल्ले जगतात की मरतात हे तिथेच ठरते. पिल्लू दिवसरात्र पोट आणि मिशा तळाला टेकवून बसते. उरलेले अन्न, विष्ठा आणि त्यांवर वाढणारे जिवाणू यांचा एक बुळबुळीत पापुद्रा तळावर चढतो; तो सहजासहजी दिसत नाही, पण बोट फिरवले तर जाणवतो. या पापुद्र्याशी सतत संपर्क आला की आधी मिशा झिजून आखूड होतात, मग परांच्या कडा फाटलेल्या दिसतात, पोट लालसर होते आणि पिल्लू एका रात्रीत मरते. म्हणून पहिले दोन आठवडे पेटीचा तळ उघडाच ठेवावा, म्हणजे घाण दिसते. हवेची बारीक नळी सायफनसारखी वापरून दिवसातून एकदा तरी तळ ओढून घ्यावा आणि ओढलेले पाणी पांढऱ्या भांड्यात धरावे, कारण काही पिल्ले त्याबरोबर येतातच. ती ड्रॉपरने परत सोडावीत. दर दोन-तीन दिवसांनी तळ आणि बाजू स्वच्छ स्पंजने अलगद पुसाव्यात. पेटीत दोन-तीन लहान रॅमशॉर्न गोगलगायी सोडल्या तर त्या उरलेले अन्न खातात आणि पिल्लांना त्रास देत नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून बारीक, गोल कणांच्या वाळूचा अगदी पातळ थर द्यायला हरकत नाही. पिल्ले ती तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडू लागतात आणि तो त्यांचा नैसर्गिक स्वभाव आहे. तेव्हाही रोजची सफाई सुटत नाही.

घरात अनेक माणसे असतील तर खाऊ घालण्याचे काम एकाकडेच असावे. येता-जाता प्रत्येकाने चिमूटभर टाकले की तळावर किती साठते हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

आपल्याकडची हवा आणि इतर धोके

उन्हाळ्यात टाकीचे पाणी तीस अंशांच्या वर गेले तर त्यात मावणारा प्राणवायू घटतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांना सुमारे ७.५, त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. पेपर्ड कोरिडोरस मूळचा अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या तुलनेने गार पाण्यातला असल्यामुळे विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात त्याची पिल्ले वाढवणे कठीण जाते. स्टर्बाय ऊब अधिक सोसतो आणि ब्राँझ या दोहोंच्या मधला आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भर मात्र रोज घालावी लागते.

वीज गेली तर बाहेरच्या पेटीतला प्रवाह लगेच थांबतो आणि दोन लिटर पाण्यातील पिल्ले गुदमरू लागतात. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा किंवा निदान आतल्या बाजूची जाळीची पेटी वापरावी. आणखी एक धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: डास आणि झुरळे मारण्याच्या फवाऱ्यांत आणि उदबत्तीसारख्या पेटवायच्या कॉइलमध्ये जी पायरेथ्रॉइड गटातील द्रव्ये असतात ती माशांना अत्यंत विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलत असतो. टाकी असलेल्या खोलीत ही साधने वापरू नयेत. तळ्यातून किंवा ओढ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर चतुराची अळी आत येऊ शकते आणि ती एकटी सगळी पेटी रिकामी करू शकते. आर्टेमिया भरपूर पडत असल्यास काचेवर हायड्रा नावाचे बारीक जीवही वाढतात आणि लहान पिल्लांना दंश करतात. वनस्पती धुऊन, काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवूनच वापराव्यात.

मोठ्या टाकीत केव्हा सोडावे याचे उत्तर वयापेक्षा टाकीतल्या सर्वांत मोठ्या तोंडावर अवलंबून असते. साधारण सहा ते आठ आठवड्यांत पिल्ले दीड ते दोन सेंटिमीटरची होतात, त्यांचा लहानपणीचा ठिपकेदार रंग जाऊन मोठ्यांसारखा रंग येऊ लागतो आणि पाठीवरचा पर ताठ उभा राहतो. टाकीत गप्पी आणि छोटे टेट्राच असतील तर एवढी वाढ पुरेशी असते. पूर्ण वाढलेली एंजल किंवा मोठी गुरामी असेल तर तीन सेंटिमीटरपर्यंत थांबावे, कारण कोरिडोरस गिळण्याचा प्रयत्न झाला तर त्याचे ताठ काटे घशात अडकतात आणि खाणारा व खाल्लेला असे दोघेही मरतात. पाणी आधीपासून एकच असल्यामुळे पिल्लांना ते सवयीचे करण्याचा वेगळा सोपस्कार लागत नाही, हा या पद्धतीचा शेवटचा मोठा लाभ आहे. दिवे मालवल्यानंतर, वरच्या थरातले मासे शांत झाल्यावर पेटी पाण्यात बुडवून तिरकी करावी आणि पिल्लांना आपली आपण बाहेर जाऊ द्यावे. पुढचे काही आठवडे बुडणारा खाऊही अंधार पडल्यावर घालावा, नाहीतर तो खालपर्यंत पोहोचण्याआधीच वरचे मासे फस्त करतात. फिल्टर पाणी ओढून घेतो त्या तोंडावर स्पंज बसवलेला असावा, हे सांगायला नकोच.

शंभर अंड्यांतून चाळीस-पन्नास पिल्ले जगली तर ती सगळी घरच्या टाकीत मावत नाहीत. कोरिडोरस कळपाने राहणारे मासे असल्यामुळे सहा-सात ठेवून बाकीची ओळखीच्या हौशी लोकांना किंवा दुकानदाराला द्यावीत. नदीत, तलावात किंवा गणपती विसर्जनाच्या कुंडात ती कधीही सोडू नयेत. हौसेने आणलेले सकर फिश असेच सोडले गेल्यामुळे देशातल्या अनेक जलाशयांत आज ते स्थानिक माशांची जागा बळकावून बसले आहेत. पिल्ले देताना ती जाळीने न पकडता पेल्याने उचलावीत, कारण परांचे काटे जाळीत अडकून तुटतात. पिशवीत भरण्यापूर्वी एक दिवस त्यांना खाऊ घालू नये. घाबरलेला कोरिडोरस अंगातून एक विषारी स्राव सोडतो आणि बंद पिशवीतल्या थोड्या पाण्यात तो त्याच्यावरच उलटतो. म्हणून पिल्ले आधी बादलीत अर्धा तास ठेवून, त्या पाण्यावर फेस आला तर ते टाकून, मग टाकीतल्या ताज्या पाण्याच्या पिशवीत भरावीत, आणि एका पिशवीत पाच-सहाच घालून तिच्यात पाण्याच्या दुप्पट हवा ठेवावी.